मूल हातचे जाण्याआधी आणि परत आल्यानंतर: बालतस्करीविरुद्ध ख्रिस्ती मंडळीसाठी मार्गदर्शक

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. तिचा नवरा देवाचे भय बाळगणारा होता, पण तो कर्ज मागे ठेवून वारला आहे आणि आता सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? घरात तेलाच्या एका बुधलीखेरीज काही नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, तेल भरायचे, ते विकून कर्ज फेडायचे आणि उरलेल्या पैशावर मायलेकांनी जगायचे, असा क्रम तो तिला घालून देतो. ही कथा आपल्या उपासनांत चमत्काराची कथा म्हणून वाचली जाते आणि ती तशी आहेच. परंतु कर्जापोटी मूल उचलून नेण्याचा प्रकार ज्या समाजात आजही घडतो, त्या समाजातील मंडळीने तिची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. संदेष्ट्याने घराची विचारपूस केली, शेजाऱ्यांना कामाला लावले आणि मुले सावकाराच्या ताब्यात जाण्याआधी कर्जाचा प्रश्न मिटवला.

आपल्याकडे हे किती जवळ घडते याचे उदाहरण २०२२ सालचे आहे. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची मुलगी अत्यवस्थ अवस्थेत आईवडिलांच्या झोपडीपाशी आणून टाकली गेली आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चौकशी सुरू झाल्यावर उघड झाले, की ती आणि तिच्यासारखी अनेक कातकरी मुले शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेली होती आणि बदल्यात आईबापांच्या हातावर थोडीफार रक्कम, कुठे एखादी मेंढी, ठेवली गेली होती. रात्रीच्या अंधारात मूल पळवण्याचा हा प्रकार नव्हता. वस्तीवर ये-जा असलेल्या माणसांनी घरातली नड ओळखली आणि मूल मागून नेले.

या कामाचे तीन टप्पे असतात. मूल जाण्याआधीचा, सुटकेचा आणि मूल परत आल्यानंतरचा. मधला टप्पा पोलिसांचा, बाल कल्याण समितीचा (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणारी जिल्ह्याची कायदेशीर समिती) आणि महसूल अधिकाऱ्यांचा आहे. तिथे मंडळीने माहिती द्यायची आणि बाजूला उभे राहायचे. पहिला आणि तिसरा टप्पा मात्र लांबलचक, कष्टाचा आणि कोणाच्याही नजरेत न भरणारा आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती मंडळीचे पाचारण नेमके तिथे आहे. आपली मंडळी वस्तीत वर्षानुवर्षे असते, दर आठवड्याला एकत्र येते आणि घरोघरी जाते. एवढी सवड कोणत्याही सरकारी कार्यालयाकडे नाही.

कायदा कशाला तस्करी म्हणतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार शोषणाच्या हेतूने माणसाला कामासाठी मिळवणे, त्याची ने-आण करणे, त्याला ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा स्वीकारणे हा मानवी तस्करीचा गुन्हा आहे. मात्र त्यासाठी धाकदपटशा, अपहरण, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी काहीतरी वापरलेले असले पाहिजे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देऊन संमती मिळवणे हेही त्या आमिषातच मोडते. ‘आईबापांनीच राजीखुशीने पाठवले’ हे उत्तर म्हणूनच कायद्यापुढे टिकत नाही, आणि ज्याची तस्करी झाली त्याच्या स्वतःच्या संमतीलाही या कलमात काही किंमत नाही. अठरा वर्षांखालील एका मुलाची तस्करी केल्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एकापेक्षा अधिक मुले असतील तर किमान शिक्षा १४ वर्षांची आहे. मुलाला पळवून भीक मागायला लावण्यासाठी कलम १३९ वेगळे आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे बालकामगार कायद्याने गुन्हा आहे आणि धोकादायक कामांसाठी ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा कर्ज वा उचल फेडण्यासाठी माणूस बांधून ठेवण्यास मनाई करतो, आणि त्याचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे: त्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द होते.

पवित्र शास्त्राची भूमिकाही याविषयी संदिग्ध नाही. माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात देहान्ताची शिक्षा सांगितली आहे आणि पहिल्या तीमथ्याच्या पत्रात अशा माणसांना खुन्यांच्या यादीत बसवले आहे.

पहिली पायरी: आपली घरे आणि आपल्या संस्था

पाळकांनी आणि वडीलमंडळाने वस्तीवर जाण्याआधी सभासदांच्या घरांकडे पाहावे. ‘गावाकडची मुलगी आहे, आमच्याकडे चार घास खाते, शिकवतोही तिला’ असे म्हणत दहा-बारा वर्षांची मुलगी धुण्याभांड्याला ठेवलेले घर आपल्या मंडळीत असेल, तर पहिले काम तिथेच आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला ६ महिने ते २ वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र भीतीपोटी अशा मुलीला गुपचूप एखाद्या एजंटाबरोबर परत पाठवणे ही दुसरी चूक ठरेल, कारण ती मधल्या वाटेवर कुठे जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. बाल कल्याण समितीला कळवूनच तिची रवानगी व्हायला हवी.

दुसरा प्रश्न आपल्या बोर्डिंगांचा आणि बालगृहांचा. अनाथ, निराधार किंवा अन्य कारणाने काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ नुसार नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीविना ती चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी असणे पुरेसे नाही. नाताळच्या सुमारास केक आणि कपडे घेऊन एखाद्या ‘अनाथाश्रमा’त जाणाऱ्या तरुण संघाने आधी तीन प्रश्न विचारावेत: या संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र कुठे आहे, प्रत्येक मुलाला बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल केले आहे का, आणि मुलाचे जिवंत नातेवाईक त्याला भेटतात का. परराज्यातून एजंटाने घाऊक आणलेली मुले दिसली, तर शंका घेणे हे आपले कर्तव्य आहे. अशाच मार्गाने तमिळनाडूतील संस्थांत नेलेल्या मुलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०१० साली न्यायालयाने मणिपूर आणि आसाममधील लहान मुलांना शिक्षणाच्या नावाखाली राज्याबाहेर पाठवण्यास प्रतिबंध करण्याचा आदेश दिला होता.

हे लिहिताना गोव्यातील फ्रेडी पीट्सचे प्रकरण सांगणे भाग आहे. मडगावात तो मुलांचा आश्रय चालवत असे, समाजात त्याला धार्मिक, दानशूर माणूस म्हणून मान होता, आणि त्याच आश्रयातील मुलांचे तो स्वतः लैंगिक शोषण करत होता व त्यांना परदेशी गिऱ्हाइकांपुढे करत होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. प्रार्थना म्हणणाऱ्या, हसऱ्या चेहऱ्याच्या संस्थाचालकाकडे कागदपत्रे मागताना ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी ही दोन साले लक्षात ठेवावीत.

तिसरी बाब दत्तकाची. अपत्यहीन जोडप्यासाठी ‘एखादे बाळ असेल तर सांगा’ असा शब्द पाळकांकडे, सिस्टरांकडे, मिशन दवाखान्यातील नर्सकडे टाकला जातो, आणि चांगल्या हेतूने कोणीतरी अविवाहित मातेचे बाळ परस्पर देऊन टाकते. कायदेशीर प्रक्रिया टाळून बाळ देणे-घेणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे आणि त्यात पैसा आला तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. ज्या मातेला बाळ सांभाळणे शक्य नाही, तिला बाल कल्याण समितीपुढे रीतसर समर्पण करता येते आणि फेरविचारासाठी ६० दिवसांची मुदत मिळते. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी. दुसरा कोणताही रस्ता मंडळीने सुचवू नये.

शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि शिबिरांचे स्वयंसेवक यांची पोलिस पडताळणी, कोणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत न राहण्याचा नियम आणि तक्रार कोणाकडे करायची याचा फलक, एवढे लेखी ठरवून पंच कमिटीच्या सभेत मंजूर करून घ्यावे.

दुसरी पायरी: वस्तीची वही

मला सर्वांत उपयोगी वाटणारे साधन म्हणजे एक दोनशे पानी वही. मंडळीच्या आसपासच्या दोन-तीन वस्त्या निवडाव्यात. ऊसतोडीला जाणारे तांडे, वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे, पुलाखालची पाले, रेल्वे स्थानकाजवळची झोपडपट्टी, यांपैकी जे आपल्या हद्दीत असेल ते. ही कुटुंबे ख्रिस्ती आहेत की नाहीत हा प्रश्न वहीत नसावा.

प्रत्येक कुटुंबाला एक पान द्यावे. मुलांची नावे, अंदाजे वय, शाळा व इयत्ता, जन्मदाखला आहे की नाही, आईवडिलांचा फोन, घरात आजारपण किंवा व्यसन, उचल घेतली आहे का, कोणत्या मुकादमाकडून, किती, आणि कुटुंब कोणत्या महिन्यात कुठे जाते. ही माहिती एका भेटीत मिळत नाही आणि मिळवूही नये. महिला मंडळाच्या दोन भगिनी नियमित जाऊ लागल्या, की ती बोलण्याच्या ओघात येते. वही पाळकांच्या कुलूपबंद कपाटात राहावी, तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नये, आणि उचलीची नोंद वस्तीतल्या दुसऱ्या कुटुंबाला कळू देऊ नये. पानावर प्रत्येक मुलाचा तारखेसह छायाचित्राचा प्रिंट पालकांच्या परवानगीने चिकटवावा आणि दुसरी प्रत पालकांना द्यावी. अनेक कुटुंबांकडे मुलाचे एकही अलीकडचे छायाचित्र नसते आणि मूल हरवल्यावर पोलिसांचा पहिला प्रश्न तोच असतो.

वहीचा खरा उपयोग दसऱ्याच्या आधी सुरू होतो. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. भट्ट्यांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. निघण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक पान उघडून विचारावे, की मुले सोबत जाणार की मागे राहणार, आणि मागे राहणार तर कोणाकडे. ‘मोठीला पाहुण्यांकडे ठेवतो’ या उत्तरावर थांबू नये. कोणते पाहुणे, कोणते गाव, ती तिथे शाळेत जाणार आहे का, हे विचारावे. मुले सोबत जाणार असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावावे, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येते. मागे राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी मुख्याध्यापकांकडे वेळेत नोंदवावी. ती उशिरा गेली की हंगाम निम्मा सरतो. परतीच्या वेळी पुन्हा प्रत्येक पान उघडावे आणि मुले मोजावीत. गेलेल्या चारांपैकी तीनच परत आली असतील, तर चौथे कुठे आहे हे त्याच आठवड्यात कळले पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे ‘लग्न झाले’ असे उत्तर आले, तर तेही १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवण्यासारखेच आहे. परजिल्ह्यात, परराज्यात पैसे घेऊन लावलेली लग्ने हा तस्करीचाच एक मार्ग आहे.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. मंडळीतील एकाने तिच्या बैठकीला जावे आणि अंगणवाडी सेविका, आशाताई, मुख्याध्यापक व पोलिस पाटील यांच्याशी ओळख ठेवावी. संकटाच्या रात्री पहिल्यांदा ओळख करून घेण्यात वेळ जातो.

तिसरी पायरी: कर्ज मूल मागण्याआधी

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक आक्रोश करतात, की धान्यासाठी आणि करासाठी आम्ही शेते गहाण टाकली, आता आमचे मुलगे आणि मुली दास्यात जात आहेत. नहेम्या संतापतो, पण तिथेच थांबत नाही. तो सरदारांना व अधिकाऱ्यांना सभेत उभे करतो आणि शेते व व्याज परत करायला लावतो. मंडळीतील सावकारी करणाऱ्या सभासदांना या अध्यायाची आठवण करून देण्याचे धैर्य पाळकांना असले पाहिजे.

बाकी काम पैशाचे आणि कागदाचे आहे. हंगामाच्या अर्पणातून किंवा वर्गणीतून एक छोटा आपत्कालीन निधी वेगळा काढावा आणि तो ठरावीक गोष्टींसाठीच वापरावा: दवाखान्याचे बिल, बाळंतपण, अंत्यविधी, पावसाळ्यातील धान्य. मुकादमाची उचल बहुधा अशाच प्रसंगी घेतली जाते. रोख रक्कम देण्याऐवजी बिल परस्पर भरावे आणि दोन जणांच्या सहीने हिशेब ठेवावा. वस्तीतील स्त्रियांना बचत गटात आणणे हा त्याहून टिकाऊ उपाय आहे.

सरकारी योजनांकडे मंडळी सहसा पाहत नाहीत आणि तिथे मोठी मदत पडून राहते. एक पालक गमावलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी अथवा तुरुंगात असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाने तो मंजूर होतो. विधवा मातेला रेशनकार्ड, मृत्यू दाखला, बोनाफाइड आणि बँक पासबुक जुळवून देणे, तिच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी जाणे आणि अर्जाची पोच घेणे, एवढ्यासाठी मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने महिन्यातून दोन दिवस दिले, तर कितीतरी घरांत मूल कामाला पाठवण्याची वेळ येणार नाही.

एक सीमा मात्र काटेकोर पाळावी. मूल आधीच कोणाच्या ताब्यात बांधले गेले असेल, तर त्याला ‘सोडवण्यासाठी’ मालकाला किंवा दलालाला एक रुपयाही देऊ नये. वेठबिगारीचे कर्ज कायद्याने रद्दच झालेले असते. ते फेडले तर आपण गुन्हेगाराला त्याची किंमत चुकती करतो, पुरावा पुसला जातो आणि दलालाला पुढच्या मुलासाठी भांडवल मिळते. कर्ज फेडण्याची दया मूल जाण्याआधी करायची. नंतर तिची जागा तक्रार घेते.

चौथी पायरी: संशय आल्यावर फोन

१०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता राज्य सरकारे चालवतात आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. मुलाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर थेट ११२, धावत्या रेल्वेत असाल तर १३९.

फोन करताना काय सांगायचे हे आधी कागदावर लिहून काढावे, कारण घाबरलेला माणूस आपला निष्कर्ष सांगतो आणि जे पाहिले ते सांगायचे राहते. ‘इथे मुलांची तस्करी चालली आहे’ यापेक्षा असे सांगावे: ‘मी अमुक तालुक्यातील अमुक गावातून बोलतो आहे. गावाच्या पूर्वेला ओढ्यालगत वीटभट्टी आहे. सोमवारपासून दहा-बारा वर्षांची तीन मुले सकाळी सातपासून कच्च्या विटा वाहताना दिसतात. त्यांच्यासोबत आईवडील दिसले नाहीत. एकाच्या पायाला जखम आहे. रात्री ती भट्टीमागच्या पत्र्याच्या खोलीत असतात आणि खोलीला बाहेरून कडी असते. ट्रॅक्टरचा क्रमांक मी लिहून घेतला आहे.’ रेल्वेत असाल तर गाडीचा क्रमांक, डबा, आसन आणि पुढचे स्थानक सांगावे. फोनची वेळ, मिळालेला तक्रार क्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपावे, दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला तीच माहिती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

रेल्वेत किंवा बसस्थानकावर लक्ष जावे अशा खुणा म्हणजे एका माणसाबरोबर एकाच वयाची अनेक मुले, त्याला मुलांची पूर्ण नावे सांगता न येणे, मुलांनी प्रत्येक उत्तराआधी त्याच्याकडे पाहणे, सर्वांची तिकिटे आणि आधारकार्डे त्याच्याच खिशात असणे. यांतली एकच खूण दिसली म्हणून तो माणूस गुन्हेगार ठरत नाही. ‘मुले पळवणारी टोळी’ अशा अफवेवरून २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. ख्रिस्ती माणसाने अशी चित्रफीत किंवा संदेश पुढे पाठवणे हे खोटी साक्ष देण्यासारखेच आहे. संशय अधिकाऱ्याला सांगावा, गर्दीला नाही.

कळवणे ऐच्छिकही नाही. पालकांपासून दुरावलेले, हरवलेले मूल आढळल्यास २४ तासांच्या आत चाइल्डलाइन (१०९८), पोलिस, बाल कल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्षाला कळवणे बाल न्याय अधिनियमाने बंधनकारक केले आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी गप्प बसल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण ‘आपसात’ मिटवणारा पाळक कायद्याचाही गुन्हेगार आहे आणि त्या लहानाला अडखळवणाराही. अशा माणसाच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील शब्द त्यालाही लागू आहेत.

मूल हरवले तर

चोवीस तास वाट पाहण्याचा कोणताही नियम नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवून ते पळवले गेले असावे असेच गृहीत धरायचे आहे. हद्दीचा प्रश्न काढला गेला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. ठाण्यात नकार मिळाल्यास तक्रार लेखी करून पोलिस अधीक्षकांकडे पाठवावी. तस्करीच्या तक्रारीची नोंद न करणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःलाच शिक्षा होऊ शकते, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगण्यास हरकत नाही. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे, म्हणजे पोलिसांच्या तस्करीविरोधी पथकाकडे, जायला हवा. ती तारीख वहीत आधीच लिहून ठेवावी, कारण बापाला कामावर जावे लागते आणि पाठपुरावा करायला कोणी उरत नाही.

सुटकेच्या कारवाईत स्वतः शिरू नये, गिऱ्हाईक बनून आत जाऊ नये, मुलाला उचलून पाळकांच्या घरी आणू नये. सुटलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. आपले काम म्हणजे समिती बसेपर्यंत पोलिसांना मुलाची भाषा जाणणारी एखादी भगिनी, स्वच्छ कपडे आणि गरम जेवण उपलब्ध करून देणे. पॉक्सोखालील मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याचा जबाब गणवेशातल्या पोलिसाने घ्यायचा नसतो. तसे होत असेल तर शांतपणे समितीच्या सदस्यांना फोन करावा.

पाचवी पायरी: परत आलेले मूल

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, कारण अन्नछत्रांभोवती आणि छावण्यांभोवती निराधार मुलींना गोड बोलून नेणारी माणसे फिरत होती. शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी आणले आणि केडगावला मुक्ती उभी राहिली. त्यांनी पुढे काय केले ते आपण पाहावे: शेती, विणकाम, छापखाना, शाळा. आणलेल्या मुलींना आयुष्य उभे करण्याइतकी वर्षे त्यांनी दिली.

आज ती वर्षे कायद्याच्या चौकटीत द्यायची आहेत. समिती आधी घराची सामाजिक चौकशी करते आणि घर सुरक्षित वाटले तरच मूल परत देते. मंडळीची वही इथे साक्षीला येते. घरातल्याच कोणी मूल दिले असेल, तर ‘रक्ताचे नाते आहे’ म्हणून समितीवर परतीचा दबाव आणू नये. वेठबिगारीतून सुटलेल्या मुलासाठी प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्तता प्रमाणपत्र मिळवणे अत्यावश्यक आहे. केंद्रीय पुनर्वसन योजनेत ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आणि बालकासाठी दोन लाख, अतिगंभीर शोषणात तीन लाख रुपयांची तरतूद आहे, आणि तातडीची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. लैंगिक शोषण झालेल्या मुलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मनोधैर्य या राज्याच्या अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज करावा. मोफत वकिलासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

परत आलेले मूल कृतज्ञ, गोड आणि शांत असेल अशी अपेक्षा धरून आलेले स्वयंसेवक लवकर गळतात. ते मूल अन्न लपवून ठेवते, रात्री जागते, खोटे बोलते, आणि कधीकधी दलालालाच पुन्हा फोन करते, कारण त्याच्याशी तेवढी तरी ओळख आहे. या काळात त्याला एकच ठरलेला माणूस हवा, जो प्रत्येक बुधवारी म्हटले की बुधवारी येतो. ‘काय काय झाले ते सांग’ असे त्याला विचारू नये. ते समुपदेशकाला आणि न्यायालयाला सांगायचे आहे, आणि आपल्यासमोर पुन्हा पुन्हा सांगितल्याने जखमही उघडते आणि साक्षही बिघडते. पॉक्सोच्या खटल्यात समिती सहाय्यक व्यक्ती नेमते. तिच्याशी बोलून मंडळीने तारखांना सोबत जाणे, त्या दिवसाची आईची बुडालेली मजुरी भरून देणे आणि न्यायालयाच्या आवारात आरोपीच्या माणसांपासून कुटुंबाला वेगळे बसवणे, एवढे केले तरी खटला टिकतो. उलटणारे साक्षीदार पुष्कळदा याच आवारात उलटतात.

आपल्या मंडळींमध्ये साक्ष देण्याची परंपरा आहे आणि ती मला प्रिय आहे. तरीही सुटून आलेल्या मुलाला व्यासपीठावर उभे करू नये, त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापू नये, नाव बदलून गोष्ट सांगताना गाव आणि शाळा सांगू नये. मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. त्याचप्रमाणे मदतीला धर्माची अट जोडू नये. बहुतेक मुले अख्रिस्ती घरांतील असतील. त्यांना उपासनेला आणणे, बाप्तिस्म्याची भाषा बोलणे, घरच्या देवाविषयी हिणवून बोलणे हे त्यांच्या असहायतेचा फायदा घेणे आहे. येशूने याईराच्या मुलीला उठवल्यावर तिला खायला द्या एवढेच सांगितले आणि ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका अशी ताकीद दिली. तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या कॅथलिक सिस्टरांच्या जागतिक जाळ्याने ‘तालिथा कुम’ (मुली, ऊठ) हे नाव याच प्रसंगावरून घेतले आहे. ८ फेब्रुवारीला, गुलामीतून सुटलेल्या संत जोसेफिन बाखिता यांच्या सणाला, मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी मंडळीत प्रार्थना व्हावी आणि त्याच दिवशी वस्तीच्या वहीचा आढावाही घेतला जावा.

शेवटी, अठराव्या वर्षाची तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षीच करावी. बालगृहातील मुलाला अठरा पूर्ण होताच बाहेर पडावे लागते आणि त्याच सुमारास जुने दलाल पुन्हा भेटू लागतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे आणि साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत ती मिळू शकते, परंतु त्यासाठी अर्ज, आधार, बँक खाते, जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात असावा लागतो. हे कागद गोळा करायला, आयटीआयचा प्रवेश मिळवायला आणि पहिल्या भाड्याच्या खोलीसाठी जामीन राहायला मंडळीतील एका कुटुंबाने आपले नाव बालगृहाच्या अधीक्षकांकडे लेखी द्यावे.